आर आणि एन

एकतीस वर्षं तार्तूच्या छापखान्यात
दुसऱ्यांच्या चुका वेचून मी पोट भरलं.
औषधांची माहितीपत्रकं, आगगाड्यांची वेळापत्रकं,
एका मंत्र्याचं आत्मचरित्र,
त्यातल्या चुका मात्र छपाईच्या नव्हत्या.

त्यामुळे ही पत्रं यायला लागली तेव्हा
जुनं गिऱ्हाईक भेटल्यासारखं वाटलं.
'प्रिय ग्राहक, तुमची खाते बंद पडणार आहेस.'
ओच्या डोक्यावरची लाट गायब,
कर्ता एकीकडे, क्रियापद भलतीकडे.
मी ती छापून घ्यायचे, लाल पेन्सिलीने तपासायचे,
खाली शेरा: पुन्हा लिहून आणा.
शेजारची लाइने हसता हसता चहा सांडायची.

मग चोरांनीही कुणी मुद्रितशोधक ठेवला असावा.
नोव्हेंबरात आलेलं पत्र निर्दोष होतं.
स्वल्पविराम जागच्या जागी,
बँकेचा निळा, तळाशी मुंगीच्या अक्षरात कायदा,
आणि वर माझं नाव, हेल्वे, नीट लिहिलेलं.
'एका तासाच्या आत' एवढंच ठळक.
बाहेर चार वाजताच अंधार पडला होता.
खरं सांगू? मला ते आवडलं.
इतकं नेटकं पत्र
मला कित्येक वर्षांत कुणी पाठवलं नव्हतं.

तीनशे चाळीस युरो.
मुलाला सांगितलेलं नाही. लाइनेलाही नाही.

रात्री भिंग घेऊन पुन्हा बसले.
मजकूर सोडला, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर आले,
जिथे वाचक थांबत नाही,
जसा तो पुस्तकात मुद्रकाच्या नावापाशी थांबत नाही.
एमायोगी बँकेच्या नावात
एमच्या जागी आर आणि एन,
एकाच ओव्हरकोटात दोन माणसं शिरावीत
तसे खेटून उभे.
असली जोडी एकतीस वर्षांत
माझ्या हातून कधी सुटली नव्हती.

आणि घाई. घाई तरी दिसायला हवी होती.
माझं कर्ज मंजूर करायला
याच बँकेने सात महिने लावले होते.

आज दुपारी लाइने दारात,
अंगात घरातलाच स्वेटर, हातात फोन.
'बघ ना, किती सुरेख लिहिलंय.
तुला एकसुद्धा चूक सापडायची नाही.
चाळीस मिनिटं उरलीत.'

फोन मी टेबलावर पालथा ठेवला.
किटली चढवली.
म्हटलं, बस लाइने,
चाळीस मिनिटं पुष्कळ झाली,
मला तुला एक आकडा सांगायचाय.