दारात लोकर भरताना

शून्यं बघून हुरळू नका.
ऐंशी हजार पेसो म्हणजे
झोना फ्रांकातल्या काचेमागचा स्पीकरांचा एक बरा जोड,
तारेचं एक भेंडोळं,
आणि उरलेच तर एक कॉफी.

गाडी एकोणीस वर्षांची निस्सान.
पुंता अरेनासमध्ये शेअर टॅक्सी म्हणून धावते,
टेकडीवरून खाली धक्क्यापर्यंत, पुन्हा वर.
इथला वारा ठाऊक नसेल तुम्हाला.
तो गाडीत बसत नाही, भाडं देत नाही,
पण सगळ्या रस्ताभर तोच बोलतो.
उजवा स्पीकर फाटलेला,
त्यातून बातम्या सांगणारा माणूस
बाराही महिने पडसं झाल्यासारखा.

येर्को, माझ्या बहिणीचा, या कामातला जाणता.
म्हणाला, "मामा, मागचे स्पीकर विसर.
डिकीतला तो धडधडणारा पेटारा तर नकोच.
पुढची दोन दारं नीट कर फक्त,
आणि पत्र्याला आतून अस्तर लाव.
स्पीकर कितीही चांगला असू दे,
डब्यात बसवला तर डबाच वाजणार."

अस्तराचा भाव विचारला.
काळे चिकट तक्ते, जहाजातून आलेले.
मी तक्ता हातात घेतला, उलटा केला,
आणि लहान मुलाला पाळण्यात ठेवावं तसा
परत ठेवला.

म्हणून रुबेनकडे गेलो.
भाऊ. मेंढ्या त्याच्याकडे, टॅक्सी माझ्याकडे,
आणि चार वर्षांत एक शब्द नाही
दोघांकडेही.
फाटकाशी उभा राहून म्हटलं, लोकर हवीये.
किती?
दोन दारांपुरती.
त्याने मला वेड्यात काढलं नाही. एवढंच.
गोदामातून गोणी ओढत आणली,
पोटाखालची, न विकली जाणारी, तेलकट.
"धुऊ नकोस," म्हणाला. "तेल आहे तोवर पाणी धरत नाही."
हे वाक्य बाबांचं. दोघांनाही ते कळलं.
पैसे घेतले नाहीत. चहाही विचारला नाही.

दाराचं पॅनेल काढलं तेव्हा आत सापडलं:
शंभराचं नाणं, केसांचा चाप,
कुणाच्या तरी पोराचा प्लॅस्टिकचा पेंग्विन.
काच खाली जाते ती वाट मोकळी ठेवून
मूठ मूठ लोकर चेपत गेलो.
हाताला वास राहिला तीन दिवस,
बायको म्हणाली, जेवायला आलास की कातरायला?

जोडलं. लावलं.
आणि ढोल गायब.
दोन्ही नवे, दोन्ही ठणठणीत,
एकटा लावला की छाती हलवतो,
जोडीने लावले की पोकळ पातळ पाणी.
येर्को हसला.
"एका बाजूच्या तारा उलट्या जोडल्यास, मामा.
हा पुढे ढकलतो तेव्हा तो मागे ओढतो,
आणि मधल्यामध्ये सूर मरतो."

मी बराच वेळ डाव्या दाराकडे पाहत राहिलो.

पक्कड घेतली. दोन तारांची अदलाबदल,
मिनिटभराचं काम.

सोमवारी सकाळी मिलेन्काबाई बसल्या,
डायलिसिसला जाणाऱ्या, चार नंबरच्या गल्लीतून.
तिसऱ्या चौकात पुढे वाकून म्हणाल्या,
"रेडिओ बिघडला का रे?"
चालू आहे की, बाई. ऐका.
त्यांनी ऐकलं.
मग काचेवर हात ठेवून, जरा घाबरूनच:
"मग वारा कुठे गेला?"

पाऊस पडला की गाडीला मेंढीचा वास येतो.
उतारू एकमेकांच्या कोटांकडे बघतात,
मी आरशात बघत नाही.

ठराविक एका खालच्या सुराला
मागची नंबरप्लेट अजून खुळखुळते.
येर्को म्हणतो रबराची चकती लाव, तीनशे पेसो.
लावीन.
रुबेन रविवारी गावात येणार आहे म्हणे, लसींसाठी.
आधी त्याला ऐकवतो.