बाकी

ओझुर्गेतीचा चहा-कारखाना बंद पडला त्या वर्षी
क्रमांक उठवायचं यंत्र एकावर अडकलं.
त्सिआलानं दांडा सोडेपर्यंत
पावतीवर ओळीनं उमटले
१११११११११११११११११.

सतरा. तिनं बोट लावून मोजले,
वार्लामनं नुसते पाहून.
"हा फोडून दाखव," तो म्हणाला,
आणि पुढच्या आठवड्यात ग्रीसला गेला, संत्री तोडायला.
जाताना एवढंच सांगून:
एकापासून नीघ, चौतीसच्या उड्या मार,
मधले सगळे सोड. मधे काही नाही.

त्यांच्या भाषेत चौतीस म्हणजे वीस-आणि-चौदा.
विसांनी मोजणारी माणसं आमच्याकडेही होती,
चार विसा अंडी, पाच विसा आंबे.
म्हणून असेल, तिचा हिशेब मला पहिल्याच संध्याकाळी कळला.
मी आले होते गंजलेली यंत्रं पाहायला.
राहायची खोली तिच्याकडे, वरची;
खाली स्वयंपाकघरात ती भागाकार करायची.

तीननं जात नाही, अंकांची बेरीज सतरा.
सातनं दोन उरतात, अकरानं एक.
सोळा असते तर मधोमध कापले असते
आठ इकडे, आठ तिकडे, पाव कापावा तसे.
सतराचे सारखे वाटे पडत नाहीत.
पण वाटे पडत नाहीत
म्हणून फुटत नाही, असं थोडंच आहे?
घरंही फुटतात.

दिवसाला दहा.
वीज नसलेले हिवाळे, रॉकेलचा दिवा,
पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजू.
मुलीचं लग्न झालं त्या दिवशीही दहा.
डोक्यावरून विमानं गेली त्या ऑगस्टात
एका रात्री चारच.
दुसऱ्या दिवशी सोळा.

सोळा वर्षं आठ महिने.
मग साठ हजार नऊशे तेहतिसावी उडी:
२०७१७२३.
अंक खाली उतरत गेले, उतरत गेले,
कागद संपला, दुसरा जोडला,
आणि तळाशी शून्य.
वर, भागाकाराच्या जागी, ५३६३२२२३५७.

"मग काय केलंस?"
"काय करणार? हात धुतले. घेवडा गरम केला."
वार्लामला पाठवलेलं पत्र परत आलं,
तीन पत्ते खोडून.

आमच्या जुन्या मोजणीत, मी तिला सांगितलं,
अब्ज, खर्व, निखर्वाच्या बऱ्याच पलीकडे
जलधी येतो, मग अंत्य,
आणि अंत्याच्या नंतर मध्य.
तुझ्या संख्येतला पहिला एक मध्यावर उभा आहे.
ती हसली.
"शेवट झाल्यावर मधला? शहाणी होती तुमची माणसं."

आता वहीत एकोणीस आहेत.
अठरा तिनं सोडले, ते तीननंच जातात.
अडतीसच्या उड्या, दिवसाला दहा.

एकोणीस एकांचं मला माहीत आहे:
मूळ संख्या. कशानंच फुटत नाही.
या चालीनं खात्री करायला
साडेसात हजार वर्षं लागतील.
मी बोलले नाही. चहा ओतला.

"तुमच्यात याला काय म्हणतात? किती एक झाले हे?"
"एकोणीस. म्हणजे विसाला एक उणा."
"तो एक कुठे गेला?" तिनं विचारलं,
आणि उत्तराची वाट न पाहता
पेन्सिलीला टोक काढायला लागली.