उसनवार

मोंढ्यात, बारदान्याच्या दुकानावर,
तेरा पायऱ्यांचा लाकडी जिना चढलं की आमची संस्था.
नाव लांब आहे. पाटी रंगवणाऱ्यानं
शेवटचं ‘मंडळ’ खालच्या ओळीत ढकललं.
एक पंखा, दोन कपाटं, चार कुकर,
शिलाई मशीन तीन, त्यातल्या एकाचा पट्टा सुटतो,
हातगाडा एक, खाली खांबाला साखळीनं बांधलेला.
आणि माझ्याकडं वही.

वहीत ‘दान’ असा रकाना नाही.
विश्वंभरअप्पांनी पहिल्याच पानावर लिहिलं: उसनवार.
शेजारणीकडून वाटीभर साखर नेतात, तसं.
परत कधी, ते नेणाऱ्यानं सांगायचं,
आपण फक्त लिहायचं.
तेव्हा सगळे हसले होते. मीही.

त्या साली गंगा आमच्या गंगाखेडात
खालच्या गल्लीत शिरली, तीन दिवस बसली,
आणि उठून गेली
सगळं घर विस्कटलेल्या पाव्हण्यासारखी.
मग टेम्पो आले, तेलाचे डबे आले, बॅनर आले.
एकाच चादरीचे सात फोटो निघाले.
आम्हीही यादी घेऊन फिरत होतो.
जुलेखा मणियार उंबऱ्याच्या आत
चिखलात कोपरापर्यंत हात घालून
काहीतरी चाचपत होती.
‘काय काय गेलं?’ मी पेनाचं टोपण काढलं.
‘गेलं ते कामून लिवता बाई?
ऱ्हायलं ते धुवू लागा.’

राहिल्या होत्या बांगड्या.
पुठ्ठ्याच्या डब्यांचा लगदा झालेला,
काच मात्र काचच.
तिनं एक वर काढली, बादलीत हलवली,
हिरवी निघाली.

चार दिवस लागले.
मी, अप्पा, तहसीलातून रिटायर झालेले सोनटक्के,
कॉलेजची दोन पोरं, जी फक्त पाणी भरायला आली होती,
आणि मशिदीतून आणलेली एक डेग.
जुलेखा मधोमध बसून मापं लावायची:
दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ.
सोनटक्के मोरपंखीत रामा रंग मिसळायचे,
ती ओरडायची, ते पुन्हा निवडायचे.
तीस वर्षांच्या नोकरीत
आपल्यावर इतकं कुणी ओरडलं नाही, म्हणाले.
खूश होते.
फुटक्यांचा ढीग भिंतीकडं वाढत गेला,
तिकडं ती बघत नव्हती.

हातगाडा, एक. परत कधी?
‘उरसाला.’
कुठला उरूस, कोणत्या सालचा,
मी विचारलं नाही.

पुढं सगळं सरळ झालं असं नाही.
रेल्वे फाटकाजवळ चाक निखळलं.
नगरपरिषदेनं गाडा दोनदा उचलला,
दोन्ही वेळा सोडवायला आम्हीच.
आमचं काम बहुतेक हेच:
हातात पावती घेऊन
कुणाच्या तरी शेजारी बाकड्यावर बसणं,
साहेब जेवून येईपर्यंत.

तीन उरूस उलटल्यावर एका दुपारी
जिना करकरला.
‘गाडा खाली लावलाय. रंग दिला त्याला.
आता दुकान घेतलं, टपरीच हाय, पण शटरची.’
मी वही उघडली, ‘परत’ लिहिलं, सही पुढं केली.
तिनं पेन घेतलं नाही, माझा हात घेतला,
अंगठ्याखालचं हाड दाबून बघितलं,
जसं त्या बघतात.
‘दोन-सहा.’
‘अगं, मी घालत नाही. नऊ वर्षं झाली.’
‘म्या कुठं इचारलं?’

पेपरात गुंडाळलेलं डझनभर
तिनं टेबलावर ठेवलं,
वही स्वतःकडं फिरवली,
कोऱ्या ओळीवर बोट टेकवलं.
‘लिवा. उसनवार.
परत कधी, ते तुमी सांगा.’

पुडकं कपाटात आहे, कुकरच्या मागं.
कुणाला कुकर काढून देताना
आतून किणकिणतं.
तारखेची जागा
मी अजून भरलेली नाही.