तासिका तत्त्वावर

चोपड्याच्या कॉलेजात, खोली नंबर नऊ.
शेजारी रसायनाची लॅब. तिच्या वासात
रविवारी आम्ही सत्य म्हणजे काय ते बघतो.
विभाग सहा वर्षांपूर्वी बंद झाला, पाटी राहिली.
मी तासिका तत्त्वावर.
माझ्या पदात तत्त्व आहे ते तेवढंच,
आणि रविवारचा तास रजिस्टरात बसत नाही.

तिघं येतात. प्रवेश परीक्षा फेब्रुवारीत,
युनिव्हर्सिटी दोन रात्रींच्या रेल्वेइतकी लांब.
झेरॉक्सवाल्याकडे उधारी साचलीय.
तो विचारतो, "मॅडम, ही कोणती भरती?"

फळ्यावर लिहिलं : वैधता.
रुबाब तडवी रात्रभर सावद्याला केळीचे घड भरून आलेला,
डोळे मिटूनच म्हणाला,
"व्हॅलिडिटी ना? धुळ्याच्या ऑफिसात अडकलीय माझी."
हसलो सगळे. मग त्यानेच उठून खडूने मांडलं :
आजोबा शाळेत गेले असते तर दाखला असता.
दाखला असता तर मी तडवी असतो.
आजोबा शाळेत गेले नाहीत.
"म्हणून?"
"म्हणून मी कोणीच नाही," तो म्हणाला,
आणि चूक कुठल्या पायरीवर आहे ते
पाऊण तास शोधत राहिला.
सापडली तेव्हा चिडला.
"हे तर त्या साहेबाला कळायला हवं होतं."

पुढच्या रविवारी ते जुनंच उदाहरण :
डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे.
वेरली पावरा, वैजापूरच्या वरच्या पाड्यावरची,
कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली.
"आमच्याकडे मोह गळायला लागला
की झाडाखालचा पाला जाळतात, फुलं दिसावीत म्हणून.
धूर निघतो.
खालून फॉरेस्टचा गार्ड बघतो.
तो अग्नीवर नाही थांबत, मॅडम.
धूर, म्हणून आग. आग, म्हणून पावरा.
मग पावती फाडतो."
लॅबमधला नळ टपकत होता.
मी म्हटलं, हे लिही. अगदी असंच. दहा पानं.
"कोणत्या भाषेत?"
मला उत्तर येत नव्हतं.
म्हटलं, आधी लिही.

करुणा बिऱ्हाडेचा अर्ज एका प्रश्नाशी अडला :
हा विषय का निवडू इच्छिता? पाचशे शब्दांत लिहा.
तिची आई जिनिंगमधून आलेली, केसांत कापूस तसाच.
तिने हेच दारातून विचारलं होतं,
"आते हाई कसाले व माय?"
सहा मसुदे झाले. प्रत्येकात करुणा
कोणा मोठ्या माणसासारखी बोलत होती.
सातव्याची पहिली ओळ :
मला माझ्या आईला उत्तर द्यायचं आहे.
तिथेच थांबू दिलं तिला.
मार्चमध्ये ती पोलीस भरतीत लागली.
पेढे घेऊन आली. मी दोन खाल्ले.
सातवा मसुदा माझ्या पर्समध्ये आहे अजून.

शिफारसपत्राला लेटरहेड लागतं. माझं नाही.
प्राचार्य म्हणाले, "तत्त्वज्ञान? बी.एड. करायला सांगा हो."
म्हणाले, आणि शिक्का मारून दिला.
खाली सही कोणाची, यावर थोडा वेळ गेला.

वेरली गेली.
ऑगस्टातल्या एका रविवारी, तास चालू असताना, तिचा फोन.
"मॅडम, इथे सारखं समजा म्हणतात.
समजा, एक डोंगर आहे. समजा, त्यावर धूर आहे."
"मग?"
"मी हात वर केला. विचारलं, कोणता डोंगर?"
"मग?"
रेंज गेली.

रुबाब पहिल्या बाकावर डोकं टेकून झोपलेला,
उशाला धुळ्याची फाईल.
दारात दोन नव्या पोरी उभ्या,
चपला बाहेर काढायच्या का, विचारत.