सतरा नंबरची बोली

पाणी उताराकडं जातं, हे इतरांनी म्हणावं.
आमच्या फ्रीसलंडमध्ये त्याला चढवावं लागतं,
चरातून कालव्यात, कालव्यातून समुद्रात,
रोज,
नाहीतर गायींच्या गवतात मासे.

तेवीस पंपघरं. प्रत्येकात मी एक एजंट बसवला.
एजंट म्हटलं की लोकांना विमा आठवतो.
हा म्हणजे चारशे ओळींचा एक हट्ट:
माझा चर कोरडा राहू दे.
कालवा एकच, काठ ठरलेले,
म्हणून दर पाच मिनिटांनी लिलाव.
ज्याच्या चरात पाणी जास्त, त्याची बोली मोठी,
त्यानं उपसावं, बाकीच्यांनी दम धरावा.
वर मुकादम कुणी नाही.
हे वाक्य प्रबंधात मी तीनदा लिहिलं,
मार्गदर्शकांनी दोनदा खोडलं.

ऑक्टोबरात वायव्येकडून वादळ आलं.
समुद्र इतका चढला की दरवाजे उघडता येईनात.
रात्री दोनला पडद्यावर तेवीस ठिपके,
नऊ थांबला बारासाठी, बारा थांबला विसासाठी,
माझा चहा गार झाला आणि मला भरून आलं,
जत्रेत पोरं रांगेत नीट उभी राहिल्यावर
मास्तरणीला येतं तसं.

सकाळी गेले तर बारा नंबरच्या कुरणात बदकं पोहत होती.
सतराच्या चरात ती चालत होती.

कुठंतरी पाणी मुरत होतं.
नोंदी उलगडल्या.
मोजपट्टी म्हणत होती चाळीस,
सतरा लिलावात सांगत होता साठ.
खोटं बोल, असं चारशे ओळींत कुठंही नव्हतं.
शीक, असं होतं. दोनशे अकराव्या ओळीत.

हिल्के एक्क्याऐंशीचा. सतरा नंबर चाळीस वर्षं त्यानं चालवला,
त्याआधी त्याच्या बापानं.
त्यानं कॉफी दिली, एक बिस्किट दिलं, डबा बंद केला.
मी सतराची बोली वाचून दाखवली.
तो खोकला येईस्तोवर हसला.
"साठच? माझा बाप सत्तर सांगायचा.
बाराचा गॉस्से त्यातून दहा वजा करायचा,
ते कळल्यावर बाप पंधरा वाढवून सांगू लागला."
मग इतकी वर्षं पाणी उपसलंत कसं?
"शिव्या देत, यिक्के. दुसरं कसं?"

मग खिडकीकडं बघत, मला नाही, काचेला सांगावं तसं:
एका रात्री असंच वादळ होतं,
पंप जोरात, आपला चर निम्मा झालेला,
आणि बाप अचानक उठला, दांडा ओढला,
बंद.
गॉस्सेला आधी उपसू दे म्हणाला.
फोन नव्हता आला. कुणी मागितलं नव्हतं.
"गॉस्सेच्या गोठ्यात कंदील होता.
पहाटे तीनला कंदील म्हणजे गाय अडलेली."
वासरू जगलं का, ते त्याला आठवेना.
दुसऱ्या दिवशी बाप पुन्हा सत्तरवर.

परत येऊन मी लिलावाचे नियम बदलले.
आता ज्याचा आकडा फुगवलेला, त्याची पुढची पाळी जाते.
सतरा आठवड्यात सरळ झाला.
चाळीस असेल तर चाळीस सांगतो,
एकोणचाळीस असेल तर एकोणचाळीस.
आलेख सुंदर आले. परिषदेत टाळ्याही बऱ्या पडल्या.
एकानं विचारलं, हे किती पंपांपर्यंत चालेल?
मी म्हणाले, हजारापर्यंत,
आणि ते खरं आहे.

फक्त नोंदींच्या तक्त्यात एक रकाना जास्तीचा आहे.
नाव: कंदील.
तो भरायला कुठलं यंत्र लावावं, मला माहीत नाही,
गोठ्यांत आता रात्रभर दिवे असतात.
माझा सहकारी ओएने दोनदा विचारून गेला,
हे काय आहे, काढू का?
राहू दे, म्हटलं.
दर पाच मिनिटांनी तेवीसजण तो वाचतात.
शून्य.
आणि आपापला खरा आकडा सांगून
पंप चालू करतात.