वरची निवळ

गुजरीत दुकानांची फळकुटं निघायच्या आत
आई लोटून घ्यायची गल्लीची धूळ,
सोनारांच्या पायाखालची, फरशीच्या फटींतली,
गटाराच्या तोंडाशी साचलेली काळी माती.
पोत्यातून घरी. परातीत पाणी.
मनगटाला हलका हेलकावा.
वरचं जाऊ द्यायचं, तळाचं हलू द्यायचं नाही.
झारेकऱ्यांचं शास्त्र एवढंच.

मी सागरमाळावरच्या लॅबमध्ये
शिरोलीच्या फाउंड्रीतल्या भाऊसो चौगल्यांचं रक्त धुते.
टीबी झाला होता त्यांना, बरा झाला.
वीस लाख टी-पेशींत
त्या जंतूचा हा एवढासा तुकडा ओळखणाऱ्या
असतील दहा-पंधरा.
असतील तर.

टेट्रामर म्हणजे चार तोंडांचं आमिष, रंग बांधलेलं.
सहा महिने टाकत होते.
पेशीला ओळख पटायची
आणि ओळखणारा हातच ती आत ओढून घ्यायची,
गोगलगाय शिंग घेते तसा.
सैल धरलेला रंग निसटायचा.
पडद्यावर नुसता धुरळा.

इंगवले मॅडम म्हणाल्या, रंग वाढव.
वाढवला.
सगळंच रंगलं,
मेलेल्या पेशी सगळ्यात आधी.
मेलेल्यांना कुठलाही रंग चालतो.

मग क्रम बदलला.
आधी अर्धा तास दासाटिनिब, सदतीस अंशांवर:
गप उभी राहा बाई, हात बाहेरच ठेव.
टेट्रामर वापरण्याआधी जोरात फिरवून घेतला,
गुठळ्या तळाला गेल्या,
वरची निवळ तेवढी उचलली
(आईच्या अगदी उलट, आणि हे करताना
माझं मनगट दोनदा अडखळलं).
मग बर्फ, अंधार.
मग त्या रंगालाच धरणारी अँटिबॉडी,
सैल गाठीवर दुसरी गाठ.
मेलेल्यांना त्यांचा वेगळा रंग,
म्हणजे पंगतीत बसले तरी ओळखू येतील.

काल रात्री साडेनऊला
पडद्याच्या त्या कायम रिकाम्या कोपऱ्यात
अकरा ठिपके.
चुकीचं आमिष लावलेल्या नळीत दोन.
म्हणजे अकरांत दोनेक खोटे,
आणि कुठले ते ठिपके सांगत नाहीत.
मॅडमना फोन केला नाही.
पुन्हा मोजले. अकराच.
सायकल स्टँडवर शेवटची माझीच गाडी होती,
सीटवर दव.

आई जागी होती.
आता तिच्या बोटांची सालं निघतात, तेजाबानं,
पण रोजचा प्रश्न तोच:
आज काय गावलं?
अकरा, म्हणाले.
गुंजा?
नाही गं, ठिपके.
ती हसली नाही.
गुंजेच्या आतलंही तिनं आयुष्यभर मोजलंय.
ताट वाढता वाढता म्हणाली,
धुतल्यालं पाणी टाकलं न्हाईस न्हवं?

तीन वेळा धुतलं होतं.
तिन्ही वेळा ब्लीचच्या डब्यात.
भाकरी मोडली,
आणि घास हातातच राहिला.