चार की आठ

सकाळी अकराला सोसायटीतून फोन,
"मॅडम, प्रिंटर चाललाय, बाकी समदं मेलंय."
म्हणजे मेलेलं नाही.
मेलेली यंत्रं प्रिंटरशी बोलत बसत नाहीत.

खानापूर स्टँडवरून नंदगडची बस,
पाटी कन्नडात, कंडक्टरची कुरकुर मराठीत,
सुटे पैसे दोन्हीत नाहीत.

कोपऱ्यात सर्व्हर, वर टॉवेल पांघरलेला,
अंगावर मागच्या खंडेनवमीचं कुंकू, फॅनच्या जाळीत एक वाळका झेंडू.
केबल काढली, खोचली. टक् वाजलं.
हिरवा दिवा लुकलुकतोय,
म्हणजे तार बिचारी आपलं काम करतेय.

काळ्या पडद्यावर पहिली हाक स्वतःलाच द्यायची असते,
एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक.
आहेस का?
आहे. आहे. आहे. आहे.
स्वतःच्या हाकेला कुणीही ओ देतं.

मग राऊटर. तीन फुटांवर, त्याच भिंतीला,
कॅलेंडरच्या खिळ्याला लटकलेला.
त्याला हाक मारली तर यंत्र म्हणालं,
तिकडे जाता येत नाही.
उशीर नाही, थांब बघतो नाही,
वाटच नाही.

रस्त्यांची यादी मागितली. एकच ओळ आली.
सोळापासून एकतीसपर्यंत आपली माणसं.
प्रिंटर पंचवीस, म्हणून सोयरा.
राऊटर एक, म्हणून परमुलखातला.
काउंटरचं मशीन चाळीस, तेही गेलं पलीकडे.
आणि बाहेर पडायच्या दाराचा
उल्लेखसुद्धा नाही.

मास्क अठ्ठावीसचा. हवा होता चोवीसचा.
दोनशे चोपन्न घरांची गल्ली,
चौदा घरांवर आणून ठेवलेली,
एका आकड्यानं.

"मागच्या महिन्यात सिस्टीम कुणी घातली ही?"
माझा आवाज थोडा चढलाच.
पिग्मीवाला बाळाप्पा नोटा मोजता मोजता,
"तुम्हीच की."

मग ते रजिस्टर निघालं.
भुजंगराव घाडी, जुने सेक्रेटरी, आता गर्लगुंजीत ऊस बघतात,
त्यांनी सगळं लिहून ठेवलेलं निळ्या शाईत,
पत्ते, पासवर्ड (देवा!), वायरमनच्या पोराचा नंबर,
आणि सर्व्हरच्या ओळीच्या शेवटी तिरकी रेघ मारून
माझ्या डोळ्यांना स्वच्छ दिसणारे अठ्ठावीस.

"बघा, लिहिलंय की इथं."
शिवगंगा अक्का कॅशच्या जाळीमागून उठून आल्या,
माहेर बैलहोंगलकडचं, मराठी इथं येऊन शिकलेल्या,
ती पण उधारी-वसुलीपुरती.
चष्मा कपाळावर सरकवून वाकल्या.
"नाल्कु," म्हणाल्या. "चार आहे हो हे. आठ कुठलं?"

४.
डोक्यावर उघडी चोच.
"आमचा चार पण असाच असतोय."

कॅम्पातल्या कॉन्व्हेंटात बारा वर्षं,
घरी आई हिशेब मराठीत लिहायची, मी कधी बघितला नाही.
ती चोच मीच मिटवली होती,
मिटवून इंग्रजी आठ केला होता,
आणि महिनाभर राऊटर बिघडला म्हणून
कंपनीशी भांडत होते फोनवर.

फाईल उघडली. एक अक्षर खोडलं, एक घातलं.
इंटरफेस पाडला, उठवला.
राऊटरला हाक:
चौसष्ट बाईट, शून्य पॉइंट सहा मिलिसेकंद.
पुन्हा. पुन्हा.
इतक्या जवळ होता.

बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "आलं वाटतं,"
आणि पासबुकं पुढं सरकू लागली.

बिलात व्हिजिट चार्ज लावला नाही.
रजिस्टरात त्या ओळीखाली अक्षरांत लिहिलं, चोवीस.
अक्कांनी पेन घेतलं, शेजारी कन्नडात काहीतरी लिहिलं.
मला वाचता आलं नाही.
तेच लिहिलं असणार.
विचारायचं राहिलं,
दीडची बस निघाली होती.